एका बोटाची साथ



पर्युषण संपून पंधरवडा उलटला आणि पालघरहून एका भगिनींचे पत्र आले. नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, ती पाळतो. पत्राचा आशय असा. त्यांच्या धाकट्या सूनबाईंनी लग्नानंतरच्या दोन वर्षांत, दुकानावर डबा पाठवल्यानंतरच्या दुपारच्या निवांत तासात, घरातील जुन्या ‘कॅसिओ’वर आपल्या आपण स्तवने बसवली. उजव्या हाताने चाल आणि डाव्या हाताने एकच पट्टी. ती एक पट्टी दाबली की आतून भरदार साथ निघते. महिला मंडळाच्या स्नात्रपूजेत त्यांनी ही साथ केली आणि ती भगिनींना आवडली. परंतु संगीत शिकलेल्या एका वडीलधाऱ्या श्रावकांनी सर्वांसमक्ष म्हटले, “बेटा, हे वाजवणे नव्हे. यंत्र वाजते, तू नुसते बोट ठेवतेस. देवासमोर अशी नक्कल शोभत नाही.” त्या दिवसापासून वाद्यावर कापड पडले आहे आणि मंडळाची पूजा मोबाइलमधील तयार गाण्यांवर चालते. भगिनी विचारतात, “सूनबाईंचे चुकले तरी काय?”

प्रश्न एका घरातील वाटला, तरी पालघर, बोईसर, डहाणू या पट्ट्यातील आपल्या बहुतेक मंडळांना तो लागू आहे. म्हणून या वेळचा स्तंभ त्यालाच वाहतो.

प्रथम त्या यंत्राविषयी. व्यापारी घराला कॅसिओ हे नाव वाद्यामुळे ठाऊक झालेले नाही. गल्ल्याशेजारी पडलेले, बटणांवरचे आकडे पुसट झालेले गणकयंत्र म्हणजे कॅसिओ. काशिओ बंधूंच्या या जपानी कंपनीने 1957 मध्ये ‘14-ए’ नावाचे विजेवर चालणारे गणकयंत्र आणले. ते एखाद्या टेबलाएवढे होते. 1980 मध्ये त्याच कंपनीने ‘कॅसिओटोन 201’ हे पहिले विद्युत् वाद्य बाजारात आणले. पुढे यामाहा व इतर कंपन्यांची वाद्येही घराघरांत आली, तरी आपल्याकडे अशा प्रत्येक वाद्याला सर्रास कॅसिओच म्हणतात. हिशेबाच्या यंत्राचे आणि सुरांच्या यंत्राचे कूळ एकच आहे, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. एका पट्टीची साथ हाही वस्तुतः एक हिशेबच आहे.

तो हिशेब असा. पाश्चात्त्य पद्धतीत तीन किंवा अधिक सूर एकदम वाजवून जो स्वरमेळ होतो त्याला कॉर्ड म्हणतात. सा, ग, प हे तीन सूर एकत्र वाजले की सा चा स्वरमेळ झाला. एरवी त्यासाठी तीन बोटे योग्य अंतरावर पडावी लागतात आणि एका स्वरमेळावरून दुसऱ्यावर जाताना तिन्ही बोटे एकाच वेळी हलवावी लागतात; याला महिनोन्महिने जातात. एकबोटी पद्धतीत वाद्याच्या पट्ट्या दोन भागांत वाटलेल्या असतात. डावीकडच्या भागात आपण फक्त मूळ सूर दाबतो आणि उरलेले दोन सूर यंत्र स्वतः मोजून घालते. वर ठेका चालू असेल, तर खर्जाची चाल आणि तालवाद्ये त्या स्वरमेळाप्रमाणे फिरवते. नुसती एक पट्टी दाबली, तर शुद्ध गंधाराचा स्वरमेळ मिळतो. कोमल गंधाराचा, म्हणजे ज्याला मायनर म्हणतात तो हवा असेल, तर कॅसिओच्या पद्धतीत मूळ पट्टीबरोबर तिच्या उजवीकडची आणखी कोणतीही एक पट्टी दाबायची. यामाहाच्या पद्धतीत मूळ पट्टीबरोबर तिच्या डावीकडची सर्वांत जवळची काळी पट्टी दाबायची. बस, एवढेच. ही गोष्ट ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ घरांत मायनर हवा तेथेही मेजरच वाजत असतो आणि काहीतरी बोचते आहे एवढेच ऐकणाऱ्याला कळते.

आता ‘नक्कल’ या शब्दाकडे वळू. एका बोटाने तयार स्वरमेळ काढण्याची युक्ती संगणकाच्या युगातील नाही. अॅकॉर्डियन पाहा. त्याच्या डाव्या बाजूला बटणांच्या रांगा असतात आणि त्यातील कित्येक बटणे अशी, की एक दाबले की अख्खा स्वरमेळ वाजतो. पुण्याचे इनॉक डॅनियल्स यांनी या वाद्यावर नाव मिळवले. त्यांच्या डाव्या हाताच्या बटणांना कोणी नक्कल म्हटले नाही. 1950 मध्ये अमेरिकेतील हॅमंड कंपनीने घरगुती ऑर्गन काढला, त्यात डाव्या हाताला स्वरमेळांची 96 बटणे होती. ज्यांना वर्षानुवर्षे शिकण्यास सवड नाही त्यांनीही संध्याकाळी घरात गावे, हाच त्यामागचा हेतू होता. आणि आपली पेटी? हार्मोनियमचे एकस्व पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबॅं यांनी 1842 साली घेतले. तिकडे ती पायाने भाता मारून, दोन्ही हातांनी स्वरमेळ वाजवण्यासाठी होती. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी ती मांडी घालून वाजवता येईल अशी केली, तेव्हा डावा हात भात्यावर गेला आणि स्वरमेळ सुटला. आपण आज जिला अस्सल देशी समजतो त्या पेटीने स्वतःचा अर्धा स्वभाव सोडूनच आपल्या घरात प्रवेश मिळवला आहे.

तिचाही प्रवेश सुखाने झाला नाही. मराठी रंगभूमीवर पेटी आणि पायपेटी कधीच स्थिरावल्या होत्या. ‘मानापमान’ला 1911 मध्ये चाली देणारे गोविंदराव टेंबे हे त्या काळचे विख्यात पेटीवादक, 1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन करणाऱ्यांत ते होते. तरीही 1940 मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केले. तिचे सूर ठरीव आहेत, मींड निघत नाही, श्रुती सांभाळल्या जात नाहीत, असे आक्षेप होते. बंदी सैल होण्यास 1971 साल उजाडावे लागले. आक्षेप खोटे नव्हते. पेटीने पुढे ते दूर केले असेही नाही. गवयांनी आणि वादकांनी तिच्या मर्यादा ओळखून तिला कोठे बोलू द्यावे आणि कोठे गप्प बसवावे हे ठरवले, एवढेच.

एकबोटी साथीलाही नेमकी हीच वागणूक द्यावी असे मला वाटते. म्हणून त्या वडीलधाऱ्या श्रावकांचे शब्द मला कठोर वाटले, तरी त्यांच्या कानाला जे खटकले ते बहुधा खरे असावे. ते काय असावे याचा थोडा विस्तार करतो, कारण खरी गोम येथेच आहे.

मंडळात गायिली जाणारी नव्या चालीची पुष्कळशी स्तवने चित्रपटगीतांच्या किंवा गरब्याच्या वळणावर असतात. शुद्ध स्वरांच्या चालीला सा, म, प या तीन पट्ट्या बहुतेक पुरतात. कारण सा मध्ये सा-ग-प, म मध्ये म-ध-सा आणि प मध्ये प-नि-रे. तिन्ही मिळून सातही शुद्ध स्वर पुरे होतात. ओळ ज्या सुरावर विसावते तो सूर ज्या पट्टीच्या घरात आहे ती पट्टी दाबावी. नवशिक्याने यापलीकडे जाण्याची गरज नाही.

परंतु रागातील जुनी स्तवने आणि पदे या तीन पट्ट्यांवर चालत नाहीत. भूप घ्या. त्यात म आणि नि नाहीत. प ची पट्टी दाबली की यंत्र न विचारता नि घालते. म ची दाबली की म तर येतोच. भूपात सा ची पट्टी आणि ध चा मायनर, एवढीच जागा आहे. यमनात सा, रे आणि प या तीन पट्ट्या एका बोटाने चालतात. रे च्या स्वरमेळातला मधला सूर तीव्र मध्यम असतो आणि तो तेथे शोभतो. ग ची पट्टी मात्र नुसती दाबली तर कोमल धैवत घुसतो. भैरवात सकाळच्या पूजेला सा चालतो, कोमल रे ची पट्टीही चालते. पण प दाबला की शुद्ध रे येऊन प्रभातीचा सारा गंभीरपणा घालवतो, म दाबला की शुद्ध ध. भैरवीत सा चा मायनर घ्यावा, आणि कोमल रे, कोमल ग किंवा कोमल ध ची पट्टी एका बोटाने घेतली तरी बाधा येत नाही.

आणि मालकोश. आपल्या श्वेतांबर परंपरेत सांगतात की परमात्म्याची देशना मालकोश रागात असते आणि देव तिला वेणुवीणेच्या सुरांची साथ देतात. अष्टप्रातिहार्यांतील दिव्यध्वनीचे वर्णन प्रवचनात ऐकताना लहानपणापासून ‘मालकोश’ हा शब्द आपल्या कानावर पडलेला असतो. राग ओळखता येत नसेल तरी नाव ठाऊक असते. या रागात सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि असे पाच सूर आहेत. रे आणि पंचम वर्ज्य. आता सूनबाई भक्तिभावाने सा ची पट्टी दाबतात आणि यंत्र सा बरोबर शुद्ध ग आणि प वाजवते. तीनपैकी दोन सूर त्या रागाला परके! मायनर केला तर ग सुधारतो, प राहतोच. मालकोश गाताना तंबोऱ्याचीही पंचमाची तार मध्यमावर उतरवतात, इतका हा राग पंचमाला दूर ठेवतो. आणि येथे तोच पंचम दर मात्रेला ठणठणत असतो. ज्याच्या कानात राग मुरला आहे त्याला हे सहन होणार नाही. ते श्रावक रागावले असतील तर बोटावर रागावले नसतील, या न मागितलेल्या पंचमावर रागावले असतील. सर्वांसमक्ष बोलण्याऐवजी त्यांनी बाजूला बसवून हेच सांगितले असते, तर वाद्यावर कापड पडले नसते. आपल्यातील जाणकारांची ही एक सवय आहे: दोष अचूक सापडतो, पण तो सांगण्याची जागा चुकते.

आपल्या पूर्वसूरींना संगीत परके नव्हते. दिगंबर परंपरेतील पार्श्वदेवांचा ‘संगीतसमयसार’ आणि श्वेतांबर मुनी सुधाकलश यांचा 1350 मधील ‘संगीतोपनिषत्सारोद्धार’ हे संगीतशास्त्राचे मान्य ग्रंथ आहेत. सत्तरभेदी पूजेत तर शेवटच्या तीन पूजा गीत, नृत्य आणि वाजिंत्र यांच्याच. वाजिंत्र ही स्वतंत्र पूजा आहे म्हटल्यावर ते कसे वाजवावे याचा विचार करणे हेही पूजेतच येते. स्थानकवासी आणि तेरापंथी बांधवांच्या उपासनेत वाद्यांना स्थान नाही. त्यांना हा सारा ऊहापोह परका वाटेल याची जाणीव आहे.

वाद्याच्या निवडीत आपल्यापुढे आणखी एक पेच असतो, तो इतर समाजांना फारसा पडत नाही. तबला, ढोलक, मृदंग यांच्या पुडीला चामडे लागते. पेटीच्या भात्याच्या सांध्यांतही पुष्कळदा ते असते. ज्या घरात चामड्याचा पट्टा देरासराबाहेर काढून ठेवतात त्या घराने गाभाऱ्यासमोर चामड्यावर थाप मारावी का, हा प्रश्न मुले विचारतात आणि तो योग्य आहे. यंत्रातील ठेक्याला चामडे लागत नाही; भारतासाठी काढलेल्या यामाहा-कॅसिओच्या काही वाद्यांत तबला-ढोलकीचे ठेकेही तयार मिळतात. हल्ली कृत्रिम पुडीची ढोलकही मिळते. परंतु यंत्राला वीज लागते, आणि विजेत तेजस्कायिक जीवांची विराधना आहे की नाही यावर आपल्यातच मतभेद आहेत. कित्येक साधु-साध्वी भगवंत ध्वनिक्षेपकासमोर बोलत नाहीत, हे आपण पाहतो. ज्या स्थळी गुरुभगवंत विराजमान आहेत तेथे त्यांची आज्ञा ती मर्यादा. यंत्राच्या सोयीसाठी तेथे वाद घालू नये. मंजिरी, टाळ्या आणि कंठ यांना कोणाचीच हरकत नसते.

विजेवरून एक प्रसंग आठवला. बोईसरला चातुर्मासातील एका संध्याकाळी भावना होती. बाहेरून बोलावलेले कलाकार होते; मोठा कीबोर्ड, दोन ध्वनिक्षेपक, ठेका भरधाव. हॉल दणाणत होता आणि आम्ही श्रोते मान डोलावत होतो. पाऊस वाऱ्यासह आला आणि वीज गेली. येथून हाकेच्या अंतरावर तारापूरचे अणुविद्युत केंद्र 1969 पासून उभे आहे, यावरून अंधारात कोणीतरी नेहमीचा विनोद केला. गायकाचा आवाज ध्वनिक्षेपकाशिवाय तिसऱ्या रांगेपलीकडे पोचेना, तो थांबला. मिनिटभर केवळ पत्र्यावरचा पाऊस. मग मागच्या कोपऱ्यातून एका वृद्ध बांनी अर्धवट राहिलेले स्तवन उचलले. आवाज थरथरता, पट्टी खाली, लय गायकाच्या निम्मी. दुसऱ्या ओळीला दहा भगिनी मिळाल्या, चौथ्या ओळीला पुरुषांची बाजू. बांना दम लागला की सारा हॉल थांबे आणि त्यांनी पुढचा शब्द घेतला की पुढे जाई. वीज वीस मिनिटांनी आली. कलाकाराने, त्याचे कौतुक केले पाहिजे, वाद्य लगेच सुरू केले नाही. स्तवन संपू दिले.

त्या रात्री ज्या भगिनी गायिल्या त्यांच्यापैकी निम्म्यांचा आवाज मी पूर्वी कधी ऐकलेला नव्हता. वर्षानुवर्षे त्या शेजारीच बसत होत्या.

यंत्राचा मोठा दोष हा थांबण्याचा. ठेका एकदा लावला की तो कोणासाठी थांबत नाही. याच जिल्ह्यात दुसऱ्या टोकाचे एक वाद्य आहे. आपल्या दुकानांत माल घ्यायला येणारे जव्हार-डहाणूकडचे वारली बांधव तारपा वाजवतात: वाळलेला भोपळा, त्यात बसवलेल्या दोन नळ्या, पुढे ताडाच्या पानांचा कर्णा. एकाच श्वासावर दोन नळ्या बोलतात. म्हणजे एका माणसाने एकाहून अधिक सूर एकदम काढण्याची कला या भूमीला जुनीच आहे. वादक मध्ये उभा असतो आणि हातात हात गुंफलेली माणसे त्याच्याभोवती फेर धरतात. चाल बदलली की पावले बदलतात. तारपेवाला समोरच्या पायांकडे पाहू शकतो. यंत्राला डोळे नाहीत. ते काम वाजवणाऱ्याने करायचे असते.

आणि तालांचेही पाहा. केरवा आणि दादरा यांना जुळणारे ठेके कोणत्याही साध्या वाद्यात मिळतील. सात मात्रांचा रूपक, दहांचा झपताल किंवा चौदांची दीपचंदी साध्या वाद्यात सहसा नसते. मग जुने दीपचंदीतले पद ओढूनताणून आठ मात्रांत बसवले जाते आणि दोन वर्षांत नव्या पिढीला तीच मूळ चाल वाटू लागते. चाली अशाही हरवतात. यंत्रात ठेका नसेल तर ठेका लावू नये, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ आहे. बऱ्याच वाद्यांत ठेका सुरू न करता डावीकडची पट्टी दाबून धरली तर नुसता स्वरमेळ वाजत राहतो; त्यावर गाणाऱ्याला हवे तेथे थांबता येते. हा उपयोग सर्वांत चांगला, आणि तोच सर्वांत कमी केला जातो.

हे सर्व जमेस धरूनही एक गोष्ट स्पष्ट म्हणायची आहे. एकबोटी साथीला नक्कल म्हणणारे लोक मोबाइलवरच्या तयार गाण्याला काहीच म्हणत नाहीत. त्या गाण्याची पट्टी परक्या गायिकेच्या गळ्याची, लय स्टुडिओतील, कडव्यांची संख्या ठरलेली. त्यात आपली बाई फक्त ओठ हलवते. एका बोटाने पट्टी बदलणाऱ्या सूनबाईंना निदान ओळ कोठे विसावते हे ऐकावे लागते, चूक झाली तर ती त्यांची असते आणि पुढच्या गुरुवारी सुधारता येते. कलाकार बोलावणेही गैर नाही. महापूजनाला, दीक्षेच्या वरघोड्याला, प्रतिष्ठेला त्यांनी यावे. पण गावातल्या दर महिन्याच्या स्नात्रपूजेला ना कलाकार परवडतात, ना त्यांची गरज असते. तेथे घरचे कोणी साथीला बसले नाही तर गाणे मोबाइलकडे जाते.

आता सूनबाईंसाठी काही कामाच्या गोष्टी, पत्रोत्तर म्हणून.

वाद्यावर ‘ट्रान्सपोज’ असे बटण असते. आपण नेहमी पांढरी एक हाच सा धरून वाजवावे आणि मंडळाच्या गळ्याप्रमाणे या बटणाने पट्टी हलवावी. भगिनींचा गळा बहुधा काळी चार-पाचच्या आसपास असतो. काळी चारसाठी चार घरे खाली उतरावे. पुरुषांसाठी काळी एक म्हणजे एक घर वर. बोटांच्या जागा तशाच राहतात. मंडळातील सर्वांत वृद्ध गळ्याला वरचा सूर सहज लागतो का, हे पाहून पट्टी ठरवावी. ज्या पट्टीत वाजवणाऱ्याला मजा येते ती बऱ्याचदा अर्ध्या मंडळाला गप्प करते.

साथीचा आवाज वेगळा कमी करता येतो. तो इतका कमी असावा की टाळ्यांखाली दबावा. यामागे शास्त्रही आहे. यंत्राचे सूर समान अंतराचे असतात. त्यातील शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप उमटणाऱ्या गंधारापेक्षा अर्ध्या सुराच्या सुमारे सातव्या भागाने चढा असतो. हळू वाजला तर कान तो सोसतो. मोठ्याने वाजला तर गाणाऱ्या भगिनी नकळत त्या चढ्या गंधाराकडे ओढल्या जातात.

वहीत प्रत्येक स्तवनाच्या ओळीवर, व्यापाऱ्याच्या वहीत रक्कम लिहितो तशी, पट्टी लिहून ठेवावी: सा, म, प, मायनर असेल तेथे खाली रेघ. एका ओळीत दोनपेक्षा अधिक बदल लिहिण्याचा मोह टाळावा. राग ठाऊक नसेल तर विचारावे. आणि ‘एंडिंग’ नावाचे बटण दाबून पूजा संपवू नये. ती झांजांची आतषबाजी लग्नाच्या मांडवात ठीक आहे.

मालकोशासाठी साथीचे बटणच बंद करावे. डाव्या हाताने म आणि वरचा सा या दोनच पट्ट्या धरून ठेवाव्यात, तंबोऱ्यासारख्या. एका बोटाच्या ऐवजी दोन बोटे लागतील, पण यंत्राचे गणित त्यात नाही. फारच भरीव साथ हवी असेल तर कोमल ध ची एक पट्टी घेता येते. तिच्यातून कोमल ध, सा, कोमल ग असे तिन्ही सूर रागातलेच निघतात. मात्र ती जपून घ्यावी, कारण ती फार वेळ वाजली की कोमल धैवतच सा असल्याचा भास होतो.

हा शेवटचा भाग कागदावर वाचून पुरता कळायचा नाही; कोणीतरी शेजारी बसून दाखवावा लागतो. पत्रावरून दिसते की त्या वडीलधाऱ्या श्रावकांना पेटी येते आणि त्यांचे घर आपल्याच गल्लीत आहे. भगिनींनी स्वतः सूनबाईंना घेऊन त्यांच्याकडे जावे, वाद्य बरोबर न्यावे, आणि ‘दादा, पंचम कोठे घालायचा नाही तेवढे सांगा’ असे म्हणावे. ज्याने दोष ओळखला त्याला तो दुरुस्त करण्याची विनंती आजवर कोणी केली नसेल. आश्विनातील आयंबिलची ओळी आता दारात आहे. नऊ दिवस सिद्धचक्राची स्तवने रोज गायची आहेत, दुपारी स्वयंपाकघरही लवकर आटोपते. नऊपैकी एका दिवशी मोबाइल घरी ठेवून पाहावे, आणि कसे झाले ते मला कळवावे.